सगळ्या वाटा एका नकाशावर

हाडांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एक वडील आणि त्यांची मुलगी एकाच फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

"बाबा, हे अ‍ॅप नको. यात रोजचं धावणं वेगवेगळं दिसतं."

"आणि ते दुसरं?"

"त्यात तुमच्या घड्याळाने नोंदवलेलं सगळं जुनं धावणं एकाच नकाशावर येतं. जिथून जास्त वेळा गेलात, तिथली रेघ जाड."

"मग तेच घे. गुडघा बदलण्याआधी एकदा डोळे भरून बघतो."

"हं, आलं. ही तळ्याभोवतीची. पण सगळ्यात जाड रेघ इकडे कुठे चाललीय? ही तर आमची गल्ली."

"चढ चांगला आहे तिथे."

"आमच्याकडे कुठला चढ? बाबा, माझ्या लग्नानंतर तुम्ही एकदाही घरी आला नाहीत."

"रागावलो होतो."

"आणि रोज खालून जात होतात?"

"रोज नाही. पावसात पाय घसरतो. स्वयंपाकघरात दिवा दिसला, की बरं वाटायचं."

"एक हाक तरी मारायचीत."

"धावताना मध्येच थांबलं, की पाय आखडतात गं."

"आता धावणं बंदच होणार. चालत याल, तेव्हा थांबा."

"तुझ्याकडे जिना आहे."

"मी खाली येईन."