सीलबंद अंक

अहो, संग्रह करणारी माणसं वाचतातही, असा माझा गैरसमज होता. तो आमच्या पानशांनी दूर केला.

खडकीत एक चित्रकार राहतो. स्वतःच चित्रकथा काढतो, झेरॉक्स करून स्टेपल मारतो आणि ओळखीत वाटतो. पुढाऱ्यांची त्यात अशी सालटी काढलेली असतात, की कुठलाही प्रकाशक ते छापणार नाही. पानशांकडे त्याचे एक सोडून सगळे अंक होते. तो एक मागायला ते मला घेऊन त्याच्या घरी गेले.

"आपला चाहता आहे मी," पानसे म्हणाले. "प्रत्येक अंक प्लास्टिकमध्ये सीलबंद ठेवलाय."

"कुठला आवडला?"

"छे, उघडलेत कुठे? हाताळले की खराब होतात."

चित्रकार आत जाऊन एक चिकटवलेलं पाकीट घेऊन आला. "घ्या. ही एकच प्रत आहे."

पानशांचे डोळे पाणावले. ते चपला घालायला बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "एकमेव प्रत देऊन टाकलीत?"

"कोरे कागद आहेत," तो म्हणाला.

परवा पानशांनी पाहुण्यांना ते पाकीट लांबूनच दाखवलं. म्हणाले, "त्याचं सगळ्यांत धारदार काम हेच."