स्पीकर कर्कश नव्हते

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या ध्वनिविषयक मासिकाचे संपादक, वाचक बंधुभगिनींनो, आणि आज शाल पांघरून निमूट बसण्याची शिक्षा झालेले आमचे परीक्षक, कानकाका,

महागड्या स्पीकरांच्या परीक्षणांवर विश्वास किती ठेवावा, असं वाचक मलाच विचारतात. मी पडलो बातमीदार. माझे कान लोकांच्या भानगडींसाठी राखीव. पण न्यायशास्त्र सांगतं, आप्ताचं वाक्य प्रमाण. आप्त कोण? जसं अनुभवलं तसं सांगणारा. काकांनी जन्मभर तसंच सांगितलं. गेल्या वर्षी मात्र येईल तो स्पीकर त्यांना कर्कश वाटू लागला. एका कंपनीनं स्पीकर परत नेला, दुसरीनं जाहिरात. संपादक मला म्हणाले, "काकांचे कान गेले वाटतं. बघून ये रे."

गेलो. काकांनी गाणं लावलं. "ऐक. टोचतंय ना?"

टोचत होतं खरं. पण मी खोलीच बघत राहिलो. पूर्वी तिथं पाय ठेवायला जागा नसे. जाड पडदे, गालिचा, गाद्यांची चळत, काकूंच्या लोकरीचे गुंडे.

"काका, सामान कुठं गेलं?"

"काकू गेल्यावर लेकीला म्हटलं, घेऊन जा. मला एकट्याला काय लागतं? खुर्ची आहे की."

मी टाळी वाजवली. ती चारी भिंतींवर आपटून परत आली. कापड आवाज पिऊन टाकतं, उघडी भिंत तो परत फेकते, हे मला काकांनीच शिकवलेलं. लोकांच्या खोल्यांत शिरताच टाळी वाजवून दोष सांगणारा हा माणूस! स्वतःच्या घरात त्यांना ते सुचलंच नव्हतं.

त्यांनी स्वतः एकदा टाळी वाजवून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे टोचत होतं ते घर."

"पडदे लावून टाकू. कुणाला कळतंय?"

"अरे गाढवा, वाचकाला कळायला नको?"

पुढच्या अंकात त्यांनी छापलं: 'वर्षभर मी ज्यांना कर्कश म्हटलं ते स्पीकर कर्कश नव्हते. माझं घर रिकामं आहे. क्षमस्व.' आणि निवृत्ती मागून घेतली.

तेव्हा वाचकहो, विश्वास अवश्य ठेवा. फक्त ऐकणारा कुठं बसला होता आणि शेजारी कोण होतं, तेवढं आधी विचारा.

त्यानंतर काकांकडे स्पीकरांची खोकी येणं थांबलं. खोक्यांबरोबर येणारी माणसंही. परवा मी पुन्हा पडद्यांचा विषय काढला. म्हणाले, "पडदे कशाला? चार माणसं बसली तरी आवाज मऊ होतो. हे शास्त्र सांगतोय हं, आमंत्रण नाही."

काका, आम्ही ते आमंत्रणच समजणार आहोत. मी रविवारी जातोय. ज्यांना यायचं त्यांनी यावं, गाणं कळत नसलं तरी चालेल, बसता आलं पाहिजे.

आयोजकांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि काकांकडे गेलात तर घंटा दोनदा दाबा. एकदा वाजली की हल्ली त्यांना ती शेजाऱ्यांची वाटते.