फुकटातला शिपाई

फुकट म्हणजे काय, ते मला विचारा. मळवलीला ज्या बंगल्यावर मी झाडलोट करते, तिथल्या मालकाची मुलगी मोबाईलवर गेम खेळायला महिन्याच्या महिन्याला पैसे भरते. मी तिच्या तोंडावर हसले. "ताई, माझा नवरा लढाईचा गेम फुकट खेळतो. तुमी येड्या का?"

ती म्हणाली, "मावशी, मी एकदा पैसे भरले की महिनाभर कोणी मागत नाही. फुकटवाले आत घेऊन मागतात. भुशी डॅमला पाण्यात बसायला कुठे पैसे पडतात? पण भजी खाल्ल्याशिवाय कोण परत येतं?"

"माझा नवरा भजीवाल्याकडं बघनार बी न्हाई," मी म्हटलं.

मग सासूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस आला. दवाखान्यात पैसे भरायला गेलो, तर नवऱ्याच्या खात्यात काहीच नाही.

"कुटं गेलं?" मी ओरडले.

तो खाली बघत म्हणाला, "गेममधल्या माझ्या शिपायाला बंदूक घेतली, कपडं घेतलं. जरा जरा करून गेलं."

मी त्याला तिथंच बडवणार होते. तेवढ्यात सासूनं त्याच्या हातातला फोन घेतला, अगदी नाकाला लावला, इकडं तिकडं फिरवला आणि मला विचारलं, "कपडं तरी बरं हायेत का गं? मला दिसंना."