पाळण्याच्या कडीची तुळई

गणितानं कुणाचं वाटोळं होत नाही असं कुणी म्हटलं, की मला दगडूमामा आठवतात. भूकंपानंतर लातूरकडच्या त्यांच्या गावातला ढिगारा यंत्रांनी उपसला आणि ज्यांची घरं पडली, त्यांच्याच सागवानी तुळया सरकारनं लिलावाला काढल्या. एकामागून एक ढीग पुकारत होते. मी बातमीसाठी गेलो होतो, सोबत लातूरच्या एका क्लासचे गणिताचे सर होते.

शिंपीकाम करणारे मामा सरांना म्हणाले, "तिसऱ्या ढिगातली ती पाळण्याच्या कडीची तुळई माझ्या घरची हाय. बोली लावू का?"

सरांनी आकडेमोड केली. "थांबा मामा. सुरुवातीला व्यापाऱ्यांचे खिसे भरलेले असतात. शेवटच्या ढिगाला बोलणारं कुणी उरत नाही, तेव्हा घ्या."

शिकलेल्या माणसाचं ऐकून मामांनी तिसरा ढीग जाऊ दिला. गणित बरोबर निघालं, शेवटचा ढीग निम्म्या भावात सुटला.

"बघा, तसंच सागवान, निम्मे पैसे!"

"ते घेऊन काय करू, सर? मला घर बांधायचं न्हाई. त्या तुळईखाली माझी बायको गेली. ती तुळई जाळायची होती मला, पुन्हा कुणाच्या डोक्यावर नको म्हणून."

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही इचारलं कुठं?"

तिसरा ढीग सरांच्याच क्लासमालकानं नव्या शेडसाठी उचलला होता. पुढच्या वर्षी त्या शेडमध्ये गेलो. पोरं दाटीवाटीनं बसली होती, सर शिकवत होते, आणि त्या कडीला पंखा टांगलेला होता.