मंगोलियाहून आलेला बिल्ला

आप्पासाहेब : चिंचेनं घासलात ना हा? असं करू नये, गेणबा. जुन्या बिल्ल्याचा मळसुद्धा काहीतरी सांगत असतो.

गेणबा : म्या न्हाय घासला, गुरुजी. हिनं घासलाय. देवाची भांडी घासताना ह्योबी घासून टाकला.

बनाबाई : मग काय करू? चार म्हयनं कोनाड्यात पडलाय. पोरानं एवढ्या लांबनं धाडलाय, आनि बाप त्याला हातबी लावंना.

आप्पासाहेब : मुलगा कुठं असतो म्हणालात?

बनाबाई : मंगोलियात. दीपक नाव. आपल्या सरकारची वकिलात हाय न्हवं तितं, तितं सैपाकी हाय. दोन वर्सं झाली.

गेणबा : पोस्टमन म्हनला, बारामतीत ड्रॉइंगचं रिटायर गुरुजी हायती, परदेशातलं बिल्लं गोळा करत्यात. म्हनून सणसरवरनं येष्टीनं आलो. मला एवढंच सांगा, ह्यो मिल्ट्रीचा हाय का? गावात समदी म्हनत्यात, सैपाकी कसला, पोरगं तिकडं फौजंत शिरलंय. हिच्या जिवाला घोर लागलाय.

बनाबाई : माझ्या जिवाला! आन् पोस्टमनला हटकून इचारलं कुनी?

गेणबा : तू गप बस जरा.

आप्पासाहेब : निवांत बसा दोघंही. हे बघा, वीस वर्षं झाली मला ह्या नादाला. आधी तिकिटं, मग बिल्ले. तिकडं उलानबातरला माझा एक पत्रमित्र आहे. मी स्वतः पुण्याच्या पुढं कधी गेलो नाही, पण त्याच्या जिवावर ह्या ट्रेमध्ये मंगोलियाचे एकोणीस बिल्ले जमलेत. हा घोडेस्वार पाहिलात, तलवार उगारलेला? एकोणीसशे एकोणचाळीस साली जपान्यांशी लढाई झाली, तिच्यातला. हा लाल फितीचा फौजेतल्या नोकरीचा.

गेणबा : आनि आमचा?

आप्पासाहेब : थांबा, भिंग घेतो. मागं आट्यांचा खिळा आहे, त्यावर बसणारी चकती हरवलीय. नंबर आहे, चारशे बारा. म्हणजे फार जणांना मिळालेला नाही. पुढं अक्षरं आहेत, रशियन वळणाची. आ... व... र... गा. 'आवर्गा' म्हणजे अजिंक्य, आपल्याकडं हिंदकेसरी म्हणतो तसं. पुढचा शब्द मा... ल... चि... न. मालचिन. मित्रानं मला शब्दांची वही करून दिलीय, तिच्यात बघतो. हं, सापडला! गेणबा, तुम्ही गावात करता काय?

गेणबा : ऊस. दोन एकर, पाटाच्या पान्यावर.

आप्पासाहेब : आणि त्याआधी?

बनाबाई : मेंढरं व्हती. एकशे साठ.

आप्पासाहेब : मग ऐका. मालचिन म्हणजे कळप राखणारा, मेंढपाळ. हा फौजेचा नाहीच. साऱ्या देशात ज्यानं उत्तम कळप राखला, त्याच्या छातीवर तिथलं सरकार हा लावायचं.

गेणबा : गुरुजी, चेष्टा करू नका गरिबाची.

आप्पासाहेब : चेष्टा कशाला करीन? इथं लिहिलंय.

गेणबा : मेंढरं राखली म्हनून? सरकारनं?

आप्पासाहेब : सरकारनं. चार माणसांदेखत, टाळ्या वाजवून.

गेणबा : आमाला तर ज्यो त्यो रानातनं हाकलायचा.

बनाबाई : आता सांगा की गुरुजींना समदं. न्हाय सांगत? मग मी सांगते. दीपक धा बुकं शिकला आन् म्हनाय लागला, मेंढरं इका, ऊस लावा. ह्यांचं मन न्हवतं. तर एक दिवस चार पावण्यांत बोलून गेला, मेंढरांमागं फिरणाऱ्याला जगात कोन इचारतंय. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी व्यापारी आनला. समदी मेंढरं ट्रकात भरून दिली. तवापासनं लेकाशी बोलनं न्हाय. सहा वर्सं झाली.

गेणबा : खोटं कुठं बोलला त्यो? ऊस चांगला येतोय. घर बांधलं.

आप्पासाहेब : मग?

गेणबा : मग काय न्हाय, गुरुजी. ईस वर्सं दिवाळी सरली की मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो. अजून दिवाळी सरली की पाय वळवळत्यात. उसात वारं शिरलं की वाटतं, कळपच चाललाय. भाईर येऊन बघतो. बघितलं की ऊस.

बनाबाई : गुरुजी, ह्यो घ्या. बिल्ल्यासंगं कागुद आलाय. मला वाचता येत न्हाय, आन् ह्यांनी शप्पत घातली व्हती, घरात कुनी वाचायचा न्हाय. हे काय आमचं घर न्हाय. तुमी वाचा.

गेणबा : तू संगट आनलास व्हय ह्यो?

बनाबाई : आनला. वाचा, गुरुजी.

आप्पासाहेब : वाचू, गेणबा?... बरं, वाचतो. 'तीर्थरूप आबांस, दीपकचा साष्टांग नमस्कार. सुट्टीला साहेबांबरोबर इथल्या माळावर गेलो होतो. एका म्हाताऱ्याच्या तंबूत चहा घेतला. दूध घातलेला, पण मिठाचा. त्याची सातशे मेंढरं आहेत. मी मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, माझे वडीलही हेच करायचे. त्यानं विचारलं, किती आहेत? मी म्हटलं, आता नाहीत, माझ्यापायी विकली. त्यानं चहाची वाटी खाली ठेवली. मग कोटावरचा बिल्ला काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, माझ्याकडं मेंढरं आहेत, तुझ्या बापाकडं नाहीत. हा त्याला दे.'

गेणबा : फुडं?

आप्पासाहेब : 'मी घेत नव्हतो, पण त्यानं ऐकलं नाही. आबा, रागावून का होईना, पण पत्र पाठवा.' एवढंच आहे.

(गेणबा बिल्ला उचलतो. तळहातावर धरून अंगठ्यानं त्यावरची अक्षरं चाचपतो.)

बनाबाई : पानी देऊ का?

गेणबा : नगं.

आप्पासाहेब : खरं सांगू, गेणबा? तुम्ही हा टेबलावर ठेवलात तेव्हा मनात आलं होतं, तुमच्याकडून मागून घ्यावा. असा माझ्याकडं एकही नाही.

गेणबा : मग... पायजे का तुमाला?

आप्पासाहेब : नको. आता नको. उलट इकडं द्या जरा. ह्या घोडेस्वाराची चकती काढून तुमच्या बिल्ल्याला बसते का बघू. हां, बसली. आता पडणार नाही.

गेणबा : तुमचा घोडेस्वार तसाच राहिला की.

आप्पासाहेब : राहू दे. तो ट्रेमध्येच पडून असतो, त्याला कुठं जायचंय? परदेशी टपालाचं पाकीट आहे माझ्याकडं. उत्तर लिहायचं? तुम्ही सांगा, मी लिहितो.

गेणबा : काय लिवायचं असतंय?

बनाबाई : सहा वर्सांचं लिवायचं असतंय.

गेणबा : लिवा... 'बिल्ला पोचला. तुझी आय बरी हाय.'

बनाबाई : आन् तुमी?

गेणबा : 'मीबी बरा हाय.'

आप्पासाहेब : लिहिलं. आणखी? कागद अजून कोराच आहे.

गेणबा : आन् त्याला म्हनावं... एवढ्या थंडीच्या मुलखात त्यो म्हातारा कोकरं कुठं ठेवतो, ते नीट इचारून कळव.