मुद्देमाल क्रमांक १९ ला वीज लावू नये

नाव व पत्ता मागील पानावर नोंदवल्याप्रमाणे. वय २७ वर्षे. धंदा: बिघडलेल्या हार्ड डिस्कमधील माहिती काढून देणे. राहणार: फिर्यादी मावशीच्या घरी, वरची खोली.

मी समक्ष हजर राहून सांगते की, घडले ते असे:

१. गेल्या महिन्याच्या २० तारखेला, रविवारी सायंकाळी, मावशीच्या गायनमंडळाचा कार्यक्रम झाला. ध्वनिमुद्रणाचे काम माझ्याकडे होते.

२. २१ तारखेला सकाळी मावशीने ध्वनिमुद्रण मागितले. डिस्कचे फर्मवेअर गेले, असे मी तिला सांगितले.

३. पुढच्या वीस दिवसांत, फर्मवेअर जाऊन डिस्क बंद पडल्याच्या चौतीस तक्रारी या ठाण्यात आल्या. पहिली मावशीची.

४. काल सोमवारी ठाण्याने सर्व डिस्क जप्त केल्या आणि तक्रारी खऱ्या आहेत का हे पाहण्यासाठी मला बोलावले. फिर्यादी माझी मावशी आहे, हे मी आधीच सांगितले. साहेब म्हणाले, बरे झाले, घरचे माणूस मिळाले.

फर्मवेअर म्हणजे डिस्कने आपले काम कसे करायचे हे सांगणारा, तिच्या आतच बसवलेला छोटा प्रोग्राम. तो बिघडला तर डिस्क ठीकठाक असूनही आतले काही वाचता येत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे तो गेला म्हटले की कोणी उलट विचारत नाही. हे मला धंद्यामुळे माहीत होते.

चौतीस तक्रारदारांपैकी तिघांकडे डिस्कच नाही. त्यांनी शेजाऱ्यांच्या काळजीने तक्रार दिली. दोघांनी आणलेल्या वस्तू डिस्क नव्हत्या. त्यांतली एक वजनकाटा आहे आणि तो बरोबर वजन दाखवतो. उरल्या एकोणतीस. त्यांपैकी सतरा डिस्क चालू आहेत. मग बंद पडल्या असे का लिहून दिले, असे विचारता, धोका नको म्हणून आम्हीच बंद करून ठेवल्या, असे मालकांनी सांगितले. एकीची वायर सैल होती. बाकी अकरा पाण्याने ओल्या आहेत. फर्मवेअर एकाही डिस्कचे गेलेले नाही.

पाणी कुठून आले याचा तपास मी केला. अकराही जणांनी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली होती. पूर्वी एकदा जेवताना मी म्हणाले होते की डिस्क तापली की लवकर मरते, ती गार ठेवावी. मावशीने हे लक्षात ठेवले आणि मंडळातल्या सगळ्यांना उपाय म्हणून सांगितले. गार डिस्क बाहेर काढली की तिला घाम सुटतो. आतही सुटतो. ठाण्याच्या संगणकाची डिस्कही शनिवारपासून ठाण्याच्या फ्रीजमध्ये, हवालदारांच्या डब्याशेजारी आहे. म्हणून हा जबाब हाताने लिहिला जात आहे. हे वाक्य गाळावे असे साहेबांचे म्हणणे पडले. मी नकार दिला.

प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारले: स्वतः काय पाहिले, कधी पाहिले, आणि फर्मवेअर हा शब्द कोणाकडून ऐकला. पहिल्या दोन प्रश्नांवर ज्याची त्याची कहाणी होती. तिसऱ्याचे उत्तर सगळ्यांचे एकच निघाले, मावशी. बेकरीवाले म्हणाले, "आम्हाला त्यातलं काय कळतंय? पण तुझी मावशी सांगते म्हणजे असणारच. तिची भाची त्यातच मुरलेली आहे." तपासणीच्या तक्त्यात बातमीचा उगम या रकान्यात मी "तपासणारी स्वतः" असे लिहिले आहे.

आता माझ्या डिस्कबद्दल. चालू असलेल्या सतरांपैकी ती एक. ती चांगली आहे. तिच्यावर कार्यक्रम नाही, कारण मी मुद्रणाचे बटण दाबले नव्हते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन प्रती ठेवायला सांगते. माझ्याकडे एकही नव्हती. हे मावशीला सांगणे मला जमले नाही.

मावशी एकसष्ट वर्षांची आहे. सव्वीस वर्षे ती मंडळात मागच्या रांगेत उभी राहते. २० तारखेला ती पहिल्यांदा पुढे येऊन एकटी गायली, चार मिनिटे. पुढे येण्याची संधी पुन्हा मिळेल असे मंडळाला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेले नाही. मावशी स्वयंपाक करताना गुणगुणते. २१ तारखेपासून गुणगुणत नाही. याचा तपासाशी संबंध नाही, असे हवालदारांचे मत आहे. मी ते लिहून घेण्यास सांगितले.

मुद्देमाल क्रमांक १९ ही डिस्क निवृत्त घड्याळजींची आहे. त्यांना कमी ऐकू येते. म्हणून ते प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसतात, खिशातल्या यंत्रावर मुद्रण करतात आणि घरी कानाला लावून मोठ्या आवाजात ऐकतात. २० तारखेचा पूर्ण कार्यक्रम त्यांनी या डिस्कवर उतरवला आणि यंत्र पुसून टाकले. नंतर मावशीच्या सांगण्यावरून डिस्क दोन दिवस मटारच्या पिशवीखाली ठेवली. मावशीच्या गाण्याची दुसरी प्रत कोठेही नाही. काल ही डिस्क ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केली गेली.

शुक्रवारी पंचांसमक्ष सर्व डिस्क चालू करून पाहायच्या, असे साहेबांनी ठरवले आहे. ओल्या डिस्कला वीज लावली तर आतली तबकडी खरवडली जाईल. मग त्यातले काही कोणालाच काढता येणार नाही. मलाही नाही.

वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला. तो हळू आवाजात वाचावा, कारण फिर्यादी दाराबाहेरच्या बाकावर बसली आहे, असे मी सुचवले होते. हवालदारांचा आवाज मुळात मोठा आहे. "बटण दाबले नव्हते" येथे मावशी आत आली. तिला बाहेर बसण्यास सांगण्यात आले. ती खुर्ची ओढून बसली आणि पुढचे वाचा म्हणाली. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे मशीन माझ्या गाण्यामुळे नाही बिघडलं?" तिने विचारले.

मी नाही म्हणाले. गेले तेवीस दिवस तिला काय वाटत होते, ते मला तेव्हा कळले.

मावशी म्हणाली, "अगं शहाणे, डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या डिस्क बघतेस आणि तुझं तुला एक बटण दाबता येत नाही? कशात गुंग होतीस?"

मी म्हणाले, "ऐकत होते."

हे उत्तर जबाबात घ्यावे का, असे हवालदारांनी विचारले. मावशी म्हणाली, घ्या, आणि ठळक घ्या. मग तिने साहेबांना, तुमची डिस्क आधी डब्याजवळून काढा, असे सांगितले. फिर्याद मागे घेते का, असे विचारता, घड्याळजींची डिस्क मिळेपर्यंत घेणार नाही, असे ती म्हणाली.

जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. कलम २ मधील माझे विधान खोटे आहे. बाकी सर्व खरे आहे.

विनंती: मुद्देमाल क्रमांक १९ चे सील काढून ती डिस्क वाळवण्यासाठी माझ्या ताब्यात द्यावी. तोपर्यंत तिला वीज लावू नये. देणार की नाही, ते गुरुवार, १४ तारखेला दुपारी बारापर्यंत लेखी कळवावे. उत्तर मावशीच्या नावे पाठवले तरी चालेल.