सासऱ्यांना शिडीवरून खाली न उतरवल्याबाबत

जबाब देणार: बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरची सून, गल्लीत याच नावाने ओळखतात. वय ४४ वर्षे. धंदा: घरी शिवणकाम, मुख्यतः पडदे शिवणे आणि कपडे बारीक-सैल करून देणे. राहणार: संग्रहालयाच्या मागची गल्ली, लाँड्रीच्या वरचा मजला.

मी पोलीस ठाण्यात आपणहून आले आहे. विचारल्यावरून, आठवते तसे सांगते की,

वरील पत्त्यावर मी आणि माझे सासरे, वय ७६, असे दोघेच राहतो. माझे पती वारले आहेत. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता त्यांना विसरण्याचा आजार आहे. ते मला ‘अहो बाई’ म्हणतात आणि संध्याकाळ झाली की, तुम्ही आता घरी जा, उशीर होतोय, असे सांगतात. मुलगा कामावरून कधी येणार हे रोज विचारतात. मी ‘येतील’ म्हणते.

संग्रहालयात शनिवारी दुपारी वयस्कर माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग असतो. तळमजल्यावर, मातीच्या भांड्यांच्या दालनाशेजारी. मी बाबांना तेथे नेऊ लागले. सुरुवातीला ते हाताची घडी घालून बसत. वर्ग घेणाऱ्या बाईंनी त्यांना कधी जबरदस्ती केली नाही. त्या फक्त ब्रश त्यांच्यासमोर ठेवत आणि पुढे जात.

काल बाईंनी वर्गात अक्षरे घेतली होती. त्यासाठी त्यांनी संग्रहालयाच्या कोठीतून एक जुनी पत्र्याची पाटी आणून भिंतीला टेकवली. बाबा उठून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “हिची सावली उडालीय.” पाटीवरच्या अक्षरांना उठाव यावा म्हणून बाजूने जी गडद कड काढतात, तिला ते सावली म्हणतात. मी हे दारातून ऐकले व बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तेथे मला डोळा लागला. आदल्या रात्री बाबा झोपले नव्हते, त्यामुळे मीही झोपले नव्हते. एका आजींच्या हातून पाण्याचे भांडे सांडले व बाई ते पुसायला वाकल्या. तेवढ्यात बाबा ब्रश घेऊन माझ्यासमोरूनच बाहेर गेले, असे नंतर समजले. त्यात बाईंचा हलगर्जीपणा नाही. बाबांवर लक्ष ठेवणे हे माझे काम होते.

जाग आली तेव्हा बाबा कुठेच दिसेनात, म्हणून मी नणंदेला फोन केला. त्या शेजारच्या गावी राहतात. त्यांनी मला काही सुनावले, ते येथे सांगत नाही. त्यानंतर त्यांनी ठाण्यात फोन करून संग्रहालय व बाई यांच्याविरुद्ध तक्रार दिली.

बाई वर्ग सोडून माझ्याबरोबर निघाल्या. आम्ही दुकान दुकान विचारत गेलो. चष्म्याच्या दुकानासमोर बाबा शिडीवर उभे दिसले. माझ्या खांद्याइतक्या उंचीवर त्यांचे पाय होते. त्या दुकानाची पाटी त्यांनीच पूर्वी रंगवलेली आहे. चष्मेवाले म्हणाले, “काका आले आणि म्हणाले, सावली राहिलीय, शिडी काढ. मला वाटलं तुम्हीच पाठवलंत.” शटर रंगवून उरलेला काळा रंग त्यांनीच दिला होता.

मला विचारण्यात आले की, मी बाबांना ताबडतोब खाली का उतरवले नाही. त्याचे उत्तर असे की, त्यांचा हात थरथरत नव्हता. घरी चमचा तोंडापर्यंत नेताना अर्धा सांडतो. तेथे ते डाव्या हातावर उजवा हात टेकवून सरळ रेघ ओढत होते आणि रंग कुठेही बाहेर जात नव्हता. हाक मारली तर दचकतील, असेही वाटले. म्हणून मी जाऊन शिडी धरली. बाबांनी खाली पाहिले व म्हणाले, “नीट धर गं. तुझा नवरा गप्पा मारत धरायचा, शिडी सगळी डुगडुगायची.”

मी दोन्ही हातांनी शिडी नीट धरली.

थोड्या वेळाने संग्रहालयाकडे निघालेल्या नणंद आम्हाला पाहून तेथेच टॅक्सीतून उतरल्या. त्या ओरडल्या, “अगं, तुला अक्कल आहे का? पडले म्हणजे?” मी म्हणाले, “ताई, हळू. दोनच अक्षरं राहिलीत.” त्या वर बघत उभ्या राहिल्या. मग पर्स खांद्यावरून काढून चष्मेवाल्यांकडे दिली आणि शिडीची दुसरी बाजू धरली. वरून बाबा म्हणाले, “भांडायचं असेल तर लांब जाऊन भांडा. इथे रेघ हलते.” ताईंना हसू फुटले. मला वाटते, त्या रडतही होत्या. पण माझे लक्ष बाबांच्या पायांकडे होते.

काम झाल्यावर बाबा आपण होऊन उतरले. खरचटलेदेखील नाही. रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन त्यांनी पाटी बघितली आणि “आता ठीक” म्हणाले. घरी येईपर्यंत ते हे सगळे विसरले होते. हाताला रंग कशाने लागला, असे त्यांनी मला दोनदा विचारले. मी सांगितले. दोन्ही वेळा ते खूश झाले.

तक्रारीमुळे वर्ग बंद ठेवण्यास बाईंना सांगण्यात आले आहे. माझी विनंती आहे की, तो चालू व्हावा. संग्रहालयात हस्तकलेवर व्याख्याने होतात. त्यात बाबांनी अक्षरांची सावली कशी काढतात ते दाखवावे, असे बाईंनी सुचवले आहे. मी होकार दिला आहे. बाबा खुर्चीवर बसून दाखवतील, शिडी असणार नाही.

बाई, चष्मेवाले किंवा अन्य कोणाविरुद्ध माझी तक्रार नाही. नणंद शेजारीच बसल्या आहेत. त्या आपली तक्रार मागे घेत असून तसे वेगळे लिहून देत आहेत. बाबांना वृद्धाश्रमात ठेवावे असे त्यांचे काही महिन्यांपासून म्हणणे होते. आता त्या मध्येच म्हणाल्या, “लिहा, बाबा हिच्याकडेच राहतील. आणि दर शुक्रवारी मी येईन. शुक्रवारी रात्री ही झोपेल.” हवालदार म्हणाले की, हे जबाबात येत नाही. त्या म्हणाल्या, “येत नसलं तरी लिहा.” मीही लिहा म्हणाले. म्हणून लिहिले आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, नणंदेनेही ऐकला. मी बोलले तेच त्यात आहे, म्हणून खाली सही करते.